तारेचे एकवीस वेढे

अजी,

परवा तुमची तेरवी झाली. माणसं आली, जेवली, तुमच्याबद्दल चांगलं बोलली, आणि निघताना जवळजवळ प्रत्येकाने मला एकच विचारलं. त्या दिवशी सकाळी काही बोलले होते का? मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की मी मोजत होते. लोकांना तेवढं पुरलं. लाखांदुरात ज्याने ज्याने आपल्याकडे मशीन दुरुस्तीला टाकली आहे, त्याला ठाऊक आहे की मी, मंदाची माय, तार भरायला बसले की माझ्याशी कोणी बोलायचं नाही. तो नियम तुमचाच होता. तेव्हा मी खोटं सांगितलं असं कोणी म्हणणार नाही. पण खरंही मी पूर्ण सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं माणूस एकच होतं, आणि त्याचीच तेरवी होती.

म्हणून हे लिहिते आहे. कोणत्या मोटरीला किती वेढे, कोणती तार, हे तुम्ही ज्या वहीत लिहून ठेवायचात, त्याच वहीच्या मागच्या पानांवर. दुसरं कोरं काही हाताशी नव्हतं.

आपल्या मंदाचं लग्न एकोडीला ठरलं तेव्हा तिच्या सासूने तुम्हाला विचारलं होतं, तुमी दोघं दुकानात करता तरी काय? तुम्ही उठून एक जळकं आर्मेचर आणलंत आणि त्यांच्या पुढ्यात चहाच्या कपाशेजारी ठेवलंत. "हा मोटरीच्या पोटातला गाभा. हाच फिरते. ह्याच्या खाचाईमंदी तांब्याची तार भरली असते. जास्त जोर पडला का तार जळते. मंग जुनी तार काढायची, नवी भरायची. ड्रिल म्हना, ग्राइंडर म्हना, सुताराची रंधा मशीन म्हना, सगळ्याईचं पोट असंच." मग माझ्याकडे मान हलवून म्हणालात, "भरनारी हे हाय. मी फकस्त स्क्रू खोलतो अन् लावतो." विहीणबाई हसल्या. त्यांना वाटलं तुम्ही गंमत करता आहात. तुम्ही गिऱ्हाइकांनाही हेच सांगायचात. पुरुष माणसाने बायकोचं काम चारचौघांत असं कबूल केलेलं मी आपल्या गावात दुसरं पाहिलं नाही. तेव्हा मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. घरचं असलं की वाटत नाही.

माझ्या हाताला मोजण्याची सवय मोहाडीची. माझ्या माहेरी हातमाग होता आणि बाबा मागावर बसायचे. मी कांड्या भरायची आणि ताण्याचे धागे मोजायची. तुम्ही मला पाहायला आलात तेव्हाही मी ओसरीवर धागेच मोजत होते, कारण बाबांचं काम अडलं होतं. तुमच्या मामांनी स्वयंपाकाचं विचारलं, शिक्षणाचं विचारलं. शेवटी मामांनी कोपर मारल्यावर तुम्ही एकच प्रश्न केलात. "मधात कोनी बोललं त तुमचं मोजनं चुकते का?" मी वर न बघता सांगितलं, "बोलनाऱ्यावर हाय जी." आत आईने कपाळाला हात लावला. बाहेर तुम्ही हसलात. मला तुमचं हसणं आवडलं होतं. पस्तीस वर्षांत हे एकदाही तुम्हाला सांगितलं नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी एक आर्मेचर बिघडवलं. तुमच्या आईने आतून हाक मारली, मी ओ दिली आणि एका खाचेत चार वेढे कमी पडले. मशीन चालवल्यावर थरथरली, आत पिवळ्या ठिणग्या उडाल्या आणि दहा मिनिटांत जळली. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही संध्याकाळी आईंना समोर बसवून सांगितलंत, "हे मोजून राहिली असली त घराले आग लागली तरी पयले हिचं होऊ द्यायचं." आणि मला खूण शिकवलीत. कोणी बोलायला आलं तर तोंड उघडायचं नाही, डावा पंजा वर करायचा. समोरच्याने थांबायचं. खाच भरून झाली की पंजा खाली. मग बोला काय बोलायचं ते.

पुढे सगळं गाव तो पंजा पाळायला लागलं. सासू पाळायच्या. मंदा शाळेतून रडत आली तरी पंजा दिसला की हुंदका गिळून दारात उभी राहायची. तुम्ही तर आधी यायचात, पंजा बघायचात आणि मुद्दाम दाराच्या चौकटीला टेकून खोटे आकडे पुटपुटायचात. सतरा, एक्केचाळीस, नऊ. मी हसू दाबत मोजायची. कधी चुकले नाही.

तुमचं काम कानाचं होतं. लाकडी मुठीचा तो लांब स्क्रू ड्रायव्हर, त्याचं टोक चालत्या मोटरीच्या अंगावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टर नळी लावतो तसं. डोळे मिटून ऐकायचात. मग सांगायचात, मागचं बेरिंग गेलं, किंवा गाभ्याला वीज पोचवणारा कार्बन तिरपा घासतो आहे. मशीन उघडली की तसंच निघायचं. मलाही शिकवलंत. पहिल्यांदा मला नुसती घरघर ऐकू आली. तुम्ही म्हणालात, घाई करू नको, घरघरीच्या मागे ऐक. महिनाभराने मला खरंच मागचं ऐकू यायला लागलं. कार्बनचं घासणं वेगळं, पंख्याचं वेगळं, गिअरच्या दातांचं वेगळं. माहेरी मला कोणी काही शिकवलं ते कामाला जुंपायला. तुम्ही हे उगीच शिकवलंत, फक्त तुम्हाला जे ऐकू येतं ते मलाही यावं म्हणून.

मग बॅटरीच्या मशीन आल्या. आधी साध्या होत्या, त्यांच्यातही कार्बन होता, त्यांचं तुम्हाला वावडं नव्हतं. पण मागून बिनकार्बनच्या मोटरी आल्या आणि आपल्या घरात भांडण आलं. दोन वर्षं आपण त्या मोटरीवरून भांडलो. जेवताना भांडलो, बसमध्ये भांडलो, मंदाच्या घरी पाहुणे म्हणून गेलो तिथेही भांडलो. जावयाने एकदा विचारलं, तुमच्याकडे दुसरा विषय नाही का? तुम्ही म्हणालात, दुसऱ्या विषयावर आमचं एकमत आहे.

माझं म्हणणं तुम्हाला पाठ होतं. नवी मोटर वजनाला निम्मी. आत घासायला कार्बन नाही, म्हणून ठिणगी नाही, काळी भुकटी नाही, अंग तापत नाही. वायर नाही, त्यामुळे शेतकरी मशीन धानाच्या बांधीत नेऊन नांगराचा फाळ तिथेच घासू शकतो. चकती कुठे अडकली तर मशीन आपली आपण थांबते. शालिक सुताराच्या अंगठ्याचं काय झालं होतं ते मी तुम्हाला दर वेळी आठवण करून द्यायची. जुन्या मशीनची चकती लाकडात अडकली, मशीन उलटी उसळली आणि अंगठा फाटला. नवी असती तर अंगठा वाचला असता. ह्यावर तुम्ही म्हणायचात, "त्याले किती डाव सांगतलं का दोनी हातानं धर." आणि विषय बदलायचात.

तुमचं म्हणणंही मला पाठ आहे. जुनी मोटर बोलते. कार्बन संपत आला की ठिणगी वाढते, तार तापली की वार्निशचा वास येतो, जोर जास्त पडला की आवाज खाली बसतो. मरायच्या आधी चार महिने ती सांगत असते, ऐकणारा पाहिजे. नवीला कितीही दाबलं तरी ती एकाच आवाजात चालते. "थे सांगतच नाई ना काई. शेवटच्या मिनिटालोक एकदम टकाटक. अन् मंग एकदम बंद. मानसानं समजावं कसं?" मी म्हणायची, चालते तोवर चांगली चालते, अजून काय पाहिजे? तुम्ही म्हणायचात, तुले नाई समजनार. मला राग यायचा. माझ्याइतकं ते दुसऱ्या कोणाला समजणार होतं?

मागच्या महिन्यात मी जावयाकडून भंडाऱ्याहून तसला एक ग्राइंडर मागवला. तुम्हाला न विचारता. दुकानात दोन नव्या मशीन ठेवू, लोक बघतील, घेतील, असं माझ्या मनात होतं. खरं कारण वेगळं होतं. मला तार दिसेनाशी झाली होती. बारीक तार खाचेत जाते की कडेवर घासते, हे मी बोटाने ओळखत होते, डोळ्याने नाही. बोटांनाही वार्निशने चिरा पडल्या होत्या. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही ओळखाल अशी वाट बघत होते. मोटरीच्या पोटातलं ऐकू येणाऱ्या माणसाला बायकोचं ओळखू यायला काय हरकत होती?

तुम्ही मशीन हातात घेतलीत, वजन केलंत, आणि चालवून न बघता सरळ उघडलीत. आत डोकावून पाहिलंत. मध्ये चुंबकाचा गाभा. तार भोवतीच्या बाजूला, ती कारखान्यात यंत्रानेच भरलेली, वरून चिकट लेप ओतून बंद केलेली. पलीकडे सर्किटची एक हिरवी पट्टी. तुम्ही नखाने तो लेप खरवडून पाहिलात. "ह्याच्यात तुह्या हाताले कामच नाई," असं म्हणालात.

मी ते ऐकलं, पण जसं ऐकायला हवं तसं नाही. मला वाटलं तुम्ही मशीनला नावं ठेवता आहात. मी भडकले. माझ्या हातांना काम नको आहे, असं मी ओरडून सांगितलं. "तुमाले मोटरीची दया येते, माह्या डोऱ्याची नाई येत." तुम्ही माझ्या डोळ्यांकडे बघून विचारलंत, डोऱ्याले काय झालं? तेव्हा तरी थांबायला हवं होतं मी. इतके दिवस जे विचारावं म्हणून बसले होते, तेच तुम्ही विचारत होता. पण मला आता विचारलेलं नको होतं. आपण एकमेकांना हजार वेळा चिडवलं आहे, म्हातारं म्हटलं आहे, खटारा म्हटलं आहे. त्या दिवशी मी चिडवत नव्हते. मी म्हटलं, "तुमाले अन् तुमच्या मोटरीले, दोघाईले भंगारात द्याले पायजे."

तुम्ही मशीनचे स्क्रू एकेक करून परत लावलेत, कपड्याने पुसलीत आणि मागच्या खोलीत चाचणीच्या टेबलावर ठेवलीत. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. डावा खांदा चोळत होतात. मी पाहिलं. मनात म्हटलं, रुसलेत, रुसू दे. तेल गरम करून द्यायचं मनात आलं होतं, खोटं नाही सांगत, पण उठले नाही.

आता दुसऱ्या दिवसाचं सांगते.

सकाळचे दहा झाले असतील, साकोलीची बस नुकतीच गेली होती. मी दारात उजेडाला बसून शालिकच्या ग्राइंडरचं आर्मेचर भरत होते. बारा खाचा, एकेका खाचेला चौतीस वेढे. सकाळपासून आपण एक शब्द बोललो नव्हतो. पहिल्या खाचेचे बत्तीस झाले होते, तेव्हा तुम्ही मधल्या दारात येऊन उभे राहिलात. म्हणालात, "मंदाची माय, आयक ना थोडसं."

मी डावा पंजा वर केला. नियमच होता. बत्तीस झाले होते, दोन राहिले होते. तेहतीस. चौतीस.

इथवर मी सगळ्यांना सांगितलं आहे. ह्याच्या पुढचं नाही.

चौतीस झाल्यावर पंजा खाली यायला हवा होता. मी तो खाली घेतला नाही. तार न तोडता दुसऱ्या खाचेत घातली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले. तुम्हाला ते दिसलं असणार. माझा हात एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जाताना कसा वळतो, हे तुमच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. मला तुम्हाला उभं ठेवायचं होतं. थोडंसं. कालचं उत्तर तुम्ही दिलं नव्हतं, त्याची परतफेड म्हणून. तुम्ही उभे राहिलात. खोटे आकडे पुटपुटला नाहीत. मला त्याचाही राग आला. मी वर बघितलं नाही. पाच, सहा, सात. तुमच्या श्वासाचा आवाज येत होता, जरा मोठा. मी तो ऐकला आणि मोजत राहिले. एकोणीसवर तुम्ही म्हणालात, "होऊ दे तुयं." आणि आत गेलात.

पहिल्या खाचेचे दोन आणि दुसरीचे एकोणीस. तुम्ही एकवीस वेढे उभे होतात. दुसऱ्या कोणत्या बाईला आपला नवरा शेवटचा किती वेळ दारात उभा होता हे असं मोजून ठाऊक असेल?

दुसरी खाच मी पूर्ण केली. मग तिसरी. आतून नव्या ग्राइंडरचा आवाज यायला लागला. स्वच्छ, बारीक, एकसारखा. आणि मी हसले, अजी. स्वतःशी. मला वाटलं, शेवटी लावलीत ना चालवायला. हरलात म्हणा. आता थोड्या वेळाने बाहेर येऊन काहीतरी खोड काढाल, मी काहीतरी बोलेन, आणि भांडण मिटेल. आपली सगळी भांडणं तशीच मिटत आली होती. मी चौथी खाच भरली. आवाज तसाच. तुम्ही काहीतरी घासता आहात असं मी धरून चालले. जुनी मशीन असती तर मला कळलं असतं. जुनी मशीन लोखंडावर टेकली की आवाज खाली बसतो, उचलली की वर चढतो. इतका वेळ नुसतीच मोकळी चालते आहे, हे मी बसल्या जागी ओळखलं असतं आणि धावत आले असते. नवीचा आवाज तर एकच. तुम्ही सांगितलं होतं मला. दोन वर्षं सांगत होता.

पाचव्या खाचेच्या सातव्या वेढ्याला आवाज एकदम बंद झाला. बॅटरी संपली होती. मी आठवा वेढा घेतला नाही.

मी आत आले तर तुम्ही स्टुलावर बसला होतात, पाठ भिंतीला, मान थोडी कलती. ग्राइंडर शिकंज्यात घट्ट आवळलेला, चकती काढून ठेवलेली. लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर तुमच्या मांडीवर होता. म्हणजे तुम्ही ऐकत होतात. माझी नवी मोटर कानाला लावून ऐकत होतात. कपाळ गार लागलं. मी दोन्ही हातांनी हलवलं, नाव न घेणारी मी, नाव घेऊन हाक मारली. रस्त्यावरची माणसं धावली. गावातले डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, वेळ मिळालाच नसता. ते भले आहेत. मंदालाही त्यांनी तसंच सांगितलं. पण ते एकवीस वेढे डॉक्टरांना माहीत नाहीत.

मंदाने मला विचारलं, "माय, बाबाले काई तरास होत होता का वं? काई सांगतलं का तुले?" मी म्हटलं, "मी मोजून राहिली होती." पोरीने मला पोटाशी धरलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या मायेची मी लायक नव्हते, पण मी तिचा हात दूर केला नाही.

"आयक ना थोडसं." ह्याच्या पुढे काय होतं? मी रोज बसून लावून बघते. छातीत दुखते आहे, चल दवाखान्यात, असं होतं का? तसं असेल तर मी तुम्हाला मारलं. की, तुझी मशीन चालवून पाहतो, ये, दोघं मिळून ऐकू, असं होतं? तसं असेल तर तुम्ही हरायला आला होतात, आणि मी तुम्हाला दारात उभं ठेवून ते हरणंही तुमच्या तोंडून ऐकलं नाही. की डोळ्यांचंच पुन्हा विचारायचं होतं? हे तिसरं माझ्याने सहन होत नाही. पहिल्यापेक्षाही.

"तुह्या हाताले कामच नाई." आता मला ते ऐकू येतं. तुम्ही म्हणाला होतात, घाई करू नको, मागचं ऐक. तुम्ही दोन वर्षं जुन्या मोटरीची बाजू घेत नव्हतात. तुम्ही माझी बाजू घेत होता. गावाला नवी मोटर पुरी पडली तर मंदाची माय दारात बसून करणार काय, तिच्याकडे कोण येणार, तिच्या पंजाला कोण थांबणार, ह्याची तुम्हाला धास्ती होती. तुमचं स्क्रू खोलण्याचं काम नव्या मशीनमध्येही राहणारच होतं. जाणार होतं ते माझं. आणि मी तुम्हाला भंगार म्हटलं.

आठव्या दिवशी शालिक आला. दारात उभा राहून रडला. तुम्ही त्याचा फाटका अंगठा बांधून त्याला सायकलवर दवाखान्यात नेलं होतं, ते सांगत बसला. मी म्हटलं, तुझं आर्मेचर राहिलं आहे रे, पाच खाचाही पुऱ्या झालेल्या नाहीत, देते भरून. त्याने मान खाली घातली. म्हणाला, "राहू द्या काकू. घाई नाई. खरं सांगू का, मी बॅटरीची घेतली नवीन. काम थांबून राहिलं होतं." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "थे जुनं आता कोन वापरते? देऊन टाका भंगारात."

तो बिचारा चांगल्या मनाने बोलला. मी त्याला चहा दिला. तो गेल्यावर मी त्या अर्धवट आर्मेचरकडे बघत बसले. ह्यासाठी मी तुम्हाला थांबवलं होतं, अजी. कोणालाच नको असलेल्या ह्या गाभ्यासाठी.

तुम्हाला एक कबूल करायचं आहे, आणि ते कबूल करताना मला काहीच आनंद नाही. नवी मोटर चांगलीच आहे. मंदाने बॅटरी भरून ठेवली, जावयाने कुंपणाची तार कापायला मशीन घेतली, पहिल्याइतकीच सुरेख चालली. तिचा काही दोष नाही. मी मात्र कानात बोटं घालून मागच्या अंगणात जाऊन बसले. ह्यावरून तुमच्याशी भांडायला हवं होतं. मी म्हटलं असतं, बघा, किती हलकी. तुम्ही म्हटलं असतं, हलकी आहे म्हणून तर विश्वास नाही. आता मी दोन्हीकडून बोलते. तुमचं बोलणं मला इतकं पाठ आहे की कुठे अडतही नाही. पण त्या दारात उभं राहून तुम्ही जे म्हणणार होतात, ते काही केल्या सुचत नाही. पस्तीस वर्षांत तुमचं एवढं एकच वाक्य मला आधीपासून माहीत नाही.

मंदा एकोडीला चल म्हणते. चष्म्याचा नंबर काढून देते म्हणते. तिने कसं ओळखलं कोण जाणे. मी सांगितलं, येईन. जाईन की नाही, ठाऊक नाही. जगण्यात मला आता काही राम वाटत नाही, हे तिला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. देवाजवळ दिवा लावते, हात जोडते, मागायला काही सुचत नाही. तुम्हाला परत मागितलं तर कोणत्या तोंडाने मागू? दिलं होतं तेव्हा थांबायला लावलं.

काल तेरवीची भांडी परत देऊन झाली आणि घर रिकामं झालं. सकाळी मी दारात येऊन बसले. लाकडी ठोकळ्यावर ते आर्मेचर तसंच आहे, पाचव्या खाचेत सात वेढे, आणि तार खाली लोंबते आहे. मनात आलं, आठवा घ्यावा, हाताला वळण लागेल. मी तार धरली, आणि कोणी बोलावलेलं नसताना माझा डावा पंजा आपोआप वर गेला. मधलं दार रिकामं होतं. मी तार सोडून दिली.

तेव्हापासून अशीच बसले आहे. दार उघडंच आहे. दोन्ही हात मांडीवर आहेत, पालथे. बस आली, गेली. कोणी गिऱ्हाईक नाही. मी मोजत नाही आहे, अजी. बोला.